बारा लॉक आणि बिनदुधाचा चहा

लाइमहाउस,
‘लेडी ग्लेनिस’ बोटीवरून,
९ जून

प्रिय ग्लेनिस,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुझ्या बहिणीने हे पत्र केराच्या डब्यात टाकलं नाही, असं धरून चालतो. आणि थेल्मा, तूच आधी फोडून वाचत असलीस तर वाच बापडी, पण वाचून झाल्यावर तिला दे. फोन करायचं मी सोडून दिलं आहे. दर वेळी थेल्माच उचलते आणि ‘ती बाथरूममध्ये आहे’ म्हणून सांगते. सहा आठवडे कुणी बाथरूममध्ये असतं का? शिवाय आता माझा फोनही राहिला नाही, तो कुठे गेला ते पुढे येईलच. सरळ सांगतो, तू परत यावीस असं मला वाटतं. त्यासाठी एक मागणं मागायचं आहे, पण ते शेवटी. आधीचं सगळं सांगितल्याशिवाय मागितलं तर तू नाहीच म्हणशील, आणि थेल्मा टाळ्या वाजवेल.

त्या दिवशी कॅम्डनला, कालव्यावरच्या पहिल्या लॉकमध्ये काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे, कारण अर्ध्यावर तू निघून गेलीस. तू वर झडपा उघडून लॉकमधलं पाणी बाहेर सोडलंस, बोट खाली खाली आली, मी नेहमीप्रमाणे चहाचा मग घेऊन सुकाणूपाशी उभा. दोन्ही बाजूंना बुळबुळीत भिंती, पुढे बंद दार. मी एक शिट्टी दिली. एक शिट्टी म्हणजे दार उघड. काही नाही. पुन्हा दिली. मग दोन दिल्या, मग तीन. तीन म्हणजे काय ते आपलं कधीच ठरलेलं नव्हतं, पण दिल्या. वर काठावर पर्यटकांची ही गर्दी, हातात नूडल्सचे डबे, आणि सगळे खड्ड्यातल्या अस्वलाकडे पाहावं तसे माझ्याकडे पाहताहेत. मी त्यांच्याकडे पाहून हसलो. बायको दूध आणायला गेली असेल असं मनात म्हटलं, कारण सकाळी दूध संपलं होतं आणि मी तसं बोललोही होतो. चाळीस मिनिटं मी त्या खड्ड्यात उभा होतो. चहा संपला, तरी मग तोंडाला लावत होतो, कारण हाताचं दुसरं काय करावं ते सुचेना.

शेवटी वरून एक डोकं डोकावलं, त्यावर पिवळा रुमाल. ती विन्सम. माझ्यामागे आपली बोट घेऊन थांबली होती. मूळची जमैकाची, तीस वर्षं इथल्या इस्पितळात नर्स होती, आता बोटीवर एकटीच राहते. ती म्हणाली, “शिट्टीवाले मास्तर, तुमची बाई गेली. सत्तावीस नंबरच्या बसमध्ये चढताना पाहिली मी.”

“दूध आणायला गेली असेल,” मी खालून म्हटलं.

“दूध आणायला? आणि जिरेनियमची कुंडी कडेवर घेऊन?”

तेव्हा मी टपाकडे पाहिलं. तुझ्या कुंडीच्या जागी एक गोल ओला डाग होता. सत्तावीस नंबर हॅमरस्मिथला जाते, आणि हॅमरस्मिथला थेल्मा राहते, एवढा भूगोल मलाही येतो. विन्समने दार उघडून दिलं. वर दार ढकलायच्या लांब दांड्यावर तू आपलं झडपा फिरवायचं लोखंडी हँडल नीट ठेवून गेली होतीस, त्याच्याखाली तुझे हातमोजे घडी करून. हातमोजे घडी करून ठेवणारी बाई रागाच्या भरात गेलेली नसते, हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. मला कळायला दोन आठवडे लागले.

दोन आठवडे एवढ्यासाठी, की चौदा दिवसांच्या वर एका ठिकाणी बोट ठेवता येत नाही. काठावरच्या माणसाला बायको सोडून गेली तर तो घरात पडदे ओढून बसू शकतो. आम्हाला ती सोय नाही. चौदाव्या दिवशी दुःखासकट बोट हलवावी लागते. माझ्यापुढे अजून अकरा लॉक होती आणि दोन हात होते. मागे वळण्याइतकी तिथे रुंदी नाही. विन्समलाही निघायचंच होतं. एका लॉकमध्ये दोन बोटी मावतात, म्हणून जोडीने जायचं ठरलं. मी मोठ्या मनाने म्हटलं, “छान, मी दोन्ही बोटींवर लक्ष ठेवतो, तुम्ही लॉकचं बघा.” ती इतकी हसली की काठावरचं बदक उडालं. “मास्तर, मी अठरा वर्षं एकटीने करते आहे. आणि मी काही तुमची बायको नाही. ते हँडल उचला.”

आता मी तुला लॉक कसं चालतं ते सांगणार आहे. हसू नकोस. सव्वीस वर्षं बोट आहे, त्यातली नऊ वर्षं तर हेच आपलं घर, आणि लॉक मला पहिल्यांदाच दिसलं. आतापर्यंत ते माझ्या दृष्टीने एक ठिकाण होतं, जिथे चहा मिळतो. तर लॉक म्हणजे दोन दारांमधली दगडी पेटी. भरलेल्या पेटीत बोट घालायची, मागचं दार लावायचं, मग पुढच्या झडपा हँडलने फिरवून वर घ्यायच्या की पाणी जातं आणि बोट खाली उतरते. मग पुढचं दार उघडायचं. इथपर्यंत मी सुकाणूवरून पाहत होतो. पण त्यानंतर दार लावायलाही लागतं! झडपा पाडायलाही लागतात! मी बोट बाहेर काढून पुढे जाऊन उभा राहायचो आणि तू दहा मिनिटांनी धापा टाकत यायचीस. मला वाटायचं, वाटेत कुणाशी तरी गप्पा मारत बसली असेल.

आणि ते दार. पहिल्या दिवशी मी शाळेतला पीटीचा मास्तर म्हणून बाह्या सरसावल्या, एक पाय मागे रोवला, दोन्ही हात दांड्याला लावले आणि पोरांना शिकवायचो तसा श्वास सोडत ढकललं. दार हललं नाही. पुन्हा ढकललं. पाठीत कुठेतरी कट्ट झालं. विन्सम दांड्यावर बसून सफरचंद खात होती. म्हणाली, “झालं का तुमचं? आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एका पातळीला आलं नाही अजून. तोवर हत्ती लावलात तरी ते उघडायचं नाही.” मग दोन मिनिटांनी तिने उठून नुसती पाठ टेकवली, बसायची जागा दांड्याला लावली, आणि सफरचंद खात खात मागे मागे चालत गेली. दार उघडलं. ग्लेनिस, सव्वीस वर्षं मी खालून ‘जोर लाव, जोर लाव’ म्हणून ओरडत होतो. पाणी समान व्हायची वाट पाहावी लागते, हे तू मला एकदाही का सांगितलं नाहीस? की सांगितलं होतंस, आणि मी शिट्टी वाजवत होतो?

पुढच्या लॉकचं सांगायला लाज वाटते, पण विन्सम हे सगळ्या कालव्याला सांगत सुटली आहे, तेव्हा माझ्याकडूनच ऐकलेलं बरं. एकट्या माणसाने काठावर उभं राहून दोरीने बोट धरायची असते, हे मला तिने शिकवलं. मी म्हटलं, धरत कशाला बसायचं, बांधून टाकू. खुंटीला चांगल्या तीन गाठी मारल्या, कुठल्याही मास्तराने मार्क दिले असते अशा. मग ऐटीत जाऊन झडपा उघडल्या. पाणी उतरायला लागलं. विन्समची बोट उतरली. आपली उतरेना. मागची बाजू पाण्याबरोबर खाली गेली आणि पुढची बाजू खुंटीला लटकून वर राहिली. आतून आवाज यायला लागले, आधी चमच्यांचे, मग पातेल्यांचे, मग तुझ्या आईच्या निळ्या बशांचे. विन्सम झडप पाडायला धावली आणि धावता धावता ओरडली, “बांधलीत कशाला? बोट आहे ती, बकरी नाही!” आणि कमरेची पाव कापायची सुरी माझ्याकडे फेकली. ती सुरी ती कायम कमरेला का बाळगते, हा प्रश्न मला आठवडाभर पडला होता. मी दोरी कापली. ‘लेडी ग्लेनिस’ धप्पकन पाण्यात बसली आणि काठावरच्या एका कुत्र्यापासून त्याच्या मालकिणीपर्यंत सगळे भिजले. निळ्या सहा बशांपैकी चार शिल्लक आहेत. आत्ता उठून पाहून आलो, तीन आहेत.

त्या एका लॉकला मला एक तास दहा मिनिटं लागली. तुला पंधरा लागायची, आणि त्यात तू मला चहा करून द्यायचीस.

सेंट पँक्रसचं लॉक बरं गेलं. तिथून पुढे इस्लिंग्टनचा बोगदा. बोगद्यात लॉक नाही, म्हणून तेवढा अर्धा तास तुझा असायचा. तू पुढच्या टोकाला जाऊन बसायचीस आणि गायचीस. मी मागच्या टोकाला सुकाणूवर. मला वाटायचं, बोगद्यात आवाज घुमतो म्हणून तू गातेस. या वेळी मी एकटाच त्या अंधारातून आलो, इंजिनाची फटफट सोडून दुसरा आवाज नाही, आणि मनात आलं की आपली बोट सत्तावन्न फूट लांब आहे. सव्वीस वर्षं आपण तिच्या दोन टोकांना होतो. गाताना तुझा चेहरा कसा दिसतो, ते मला ठाऊक नाही. मला त्या बोगद्यात फार वाईट वाटलं. मी गाऊन पाहिलं. विन्समने मागून भोंगा वाजवला.

तुझं हँडलही आता माझ्या हाताच्या ओळखीचं झालं आहे. त्याच्या मुठीवर एका बाजूला खोलगट झिजलं आहे, तुझ्या अंगठ्याच्या मापाचं. माझा अंगठा तिथे बसत नाही. आपल्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी तुला काय दिलं होतं आठवतं? नवं ॲल्युमिनियमचं हँडल, लाल रिबीन बांधून. वर म्हटलं होतं, “हे हलकं आहे हं!” तू ‘थँक्यू’ म्हणालीस आणि जुनंच वापरत राहिलीस. पन्नाशीला तर मी तुला न विचारता बोटीवर तुझं नाव सोनेरी अक्षरांत रंगवून घेतलं आणि साऱ्या मित्रांकडून पाठ थोपटून घेतली. नाव तुझं, सुकाणू माझं. गोष्ट विन्समला सांगितली तर ती म्हणाली, “म्हणजे दुकानाच्या पाटीवर मालकिणीचं नाव आणि मालकीण आत भांडी घासतेय.” ही बाई नर्स होती यावर माझा विश्वास बसत नाही. रोगी घाबरून बरे होत असणार.

फोनचं सांगायचं राहिलं. ॲक्टन्स लॉकमध्ये मी पहिल्यांदा एकट्याने, एकही चूक न करता, सगळं केलं. बोट उतरली, दार उघडलं, एकही बशी फुटली नाही. तुला फोटो पाठवावा म्हणून दांड्यावरून वाकलो, तर खिशातला फोन हातात आणि गळ्यातल्या शिट्टीची दोरी झडपेच्या दात्यात. हिसका दिला. दोन्ही गेली. विन्समकडे दोरीला बांधलेलं मोठं चुंबक आहे, पाण्यात पडलेली हँडलं काढायला. आम्ही दीड तास गळ टाकून बसलो. सायकलचं एक चाक निघालं, तीन दुसऱ्यांची हँडलं निघाली, एक इस्त्री निघाली. फोन निघाला तो शिंपल्यासारखा उघडून पाणी गाळत. शिट्टी काही निघाली नाही. पितळ चुंबकाला चिकटत नाही, हे मी शाळेत असताना शेजारच्या वर्गात शिकवत असत, पण मी तेव्हा मैदानावर असायचो. विन्सम म्हणाली, “राहू द्या. माशांना कवायत शिकवेल.” मलाही आश्चर्य वाटलं, पण शिट्टीवाचून गळा हलका वाटला.

अशी एकेक करत बाराही लॉक झाली. सगळ्यांत शेवटी कमर्शियल रोडचं, आणि तिथून मी लाइमहाउसला येऊन पोचलो. इथे कालवा संपतो. पुढे एकच मोठं लॉक आहे, आणि त्याच्या पलीकडे थेम्स. ते लॉक आपण चालवायचं नसतं, त्याला स्वतःचा माणूस आहे, लेनी म्हणून. दाढी पांढरी, स्वेटर माझ्या वयाचा. मी गेलो आणि जरा रुबाबात म्हटलं, “नदीवर जायचं आहे. टॉवर ब्रिजखालून, वर ब्रेंटफर्डपर्यंत.”

लेनीने खिडकीतून आपली बोट पाहिली. “त्या लांबोडक्या बाथटबमधून?”

“हो.”

“बरोबर कोण?”

“एकटाच.”

“मग चहा प्या आणि परत जा. नदी म्हणजे तुमचा तो तीन-चार फूट खोलीचा नाला नाही, साहेब. भरती घोड्यासारखी धावते आणि प्रवासी बोटींच्या लाटा डोक्यावरून जातात. दोन माणसं लागतात. एक सुकाणूवर, एक दोरीवर. आणि रेडिओचं लायसन्स लागतं. तुमच्याकडे आहे?”

“बायको आहे माझी,” मी म्हटलं.

“कुठे आहे?”

आणि ग्लेनिस, माझ्या तोंडून आपोआप निघालं, “दूध आणायला गेली आहे.”

“बरं,” लेनी म्हणाला, “मग येऊ द्या. घाई नाही.” तेव्हापासून गेले चार दिवस तो रोज सकाळी मला विचारतो आहे, “आलं का दूध?”

नदीवर जायचं मी का ठरवलं, ते तू विचारशील. मीच विचारत होतो. आधी वाटलं, तुला दाखवून द्यावं. मग लेनीने बोटीचे कागद आणायला सांगितले, तेव्हा कळलं की कागद कुठे असतात तेच मला ठाऊक नाही. तीन तास शोधले. शेवटी सिंकखाली, फरशी पुसायच्या फडक्यांच्या मागे, तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. जिथे माझा हात कधीच पोचणार नाही अशी तुला खात्री होती, तीच जागा. वरती बोटीचे कागद होते. त्याच्याखाली एक प्रमाणपत्र. भरती-ओहोटीच्या नदीवर बोट चालवण्याचं. नाव ग्लेनिस. त्याच्याखाली रेडिओचं लायसन्स, तुझ्या फोटोसकट, केस ओले, नाक लाल, आणि इतकी हसते आहेस की मी आधी ओळखलंच नाही. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. त्या वर्षी तू लागोपाठ तीन शनिवार-रविवार विणकामाच्या शिबिराला गेली होतीस. एकही मोजा विणून आणला नव्हतास. मी विचारलंही नाही, कारण शनिवारी फुटबॉल असतो.

आणि त्याच्याखाली भरती-ओहोटीच्या वेळांची ती छोटी पुस्तकं. दर वर्षाचं एक, अकरा. प्रत्येकात एका तारखेभोवती पेन्सिलने गोल. कधी मे, कधी जून, कधी सप्टेंबर. दर वर्षी तू पाणी कधी चांगलं असेल ते पाहून ठेवलंस, खूण केलीस, आणि वाट पाहिलीस. आणि दर वर्षी ती तारीख आली आणि गेली, आणि मी त्या दिवशी बहुधा सुकाणूवर उभा राहून तुला दुसऱ्या चहाबद्दल विचारत होतो. मी तिथेच फरशीवर बसून रडलो, ग्लेनिस. फडकी हाताशीच होती.

तेव्हा आता खरं बोलतो. तू शिट्टीमुळे गेली नाहीस. दुधामुळे नाही, चहामुळेही नाही. त्या दिवशी कॅम्डनला, बोट खाली जायच्या आधी, लाल टोपीवाल्या त्या पर्यटकाने मला विचारलं होतं, “तुम्ही थेम्सवर पण जाता का हो?” आणि मी हसून म्हटलं, “मी लाख जाईन हो, पण बायकोला लाटांची भीती वाटते.” तू दोन हातांवर दांड्याला पाठ लावून उभी होतीस. मी ते तिथे पहिल्यांदा म्हटलेलं नव्हतं. क्लबात म्हणालो आहे, तुझ्या भाच्याच्या लग्नात म्हणालो आहे, थेल्मासमोर म्हणालो आहे. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण बिचारं दर वेळी ऐकून घेत होतं. त्या दिवशी अंगणाने कुंडी उचलली आणि बस धरली. योग्यच केलंस.

कारण भीती मला वाटते. मला पोहता येत नाही. हे जगात तिघांनाच ठाऊक होतं, मी, माझी आई आणि देव, आणि त्यातली आई गेली. एकतीस वर्षं मी शाळेत पोहण्याचा तास घेतला, तो काठावर उभा राहून, शिट्टी वाजवत. मला पाण्यात उतरलेला एकाही विद्यार्थ्याने पाहिलेला नाही. समुद्रकिनाऱ्यावर मी बूटमोजे काढत नाही, ते पाय नाजूक आहेत म्हणून नव्हे. कालव्यात मी शूर असतो कारण पडलो तर उभा राहू शकतो. तुला हे कदाचित अडतीस वर्षं ठाऊकच असेल. असेल तर, तू ते कुणापुढे बोलली नाहीस, आणि मी मात्र माझी भीती तुझ्या नावावर खपवली. याची मला जितकी लाज वाटते तितकी त्या बशांचीही वाटत नाही. मला क्षमा कर.

यंदाच्या पुस्तकातही तू गोल काढून ठेवला आहेस, वीस जूनभोवती. काल मी लेनीकडे जाऊन तीच तारीख लिहवून घेतली. वीस जून, सकाळी साडेदहा. त्याच्या वहीत दोन रकाने आहेत. सुकाणूवर कोण, तिथे मी तुझं नाव लिहिलं. दोरीवर कोण, तिथे माझं. पुढे ‘पोहता येतं का’ असा रकाना होता. तिथे आयुष्यात पहिल्यांदा ‘नाही’ असं लिहिलं, खाली रेघ मारून. लेनीने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि आपलं जाडं नारिंगी जॅकेट काढून दिलं. ते घातलं की मी भोपळ्यासारखा दिसतो. विन्सम म्हणते, निदान बुडालात तर सापडाल.

तर मागणं हे आहे. ये, आणि बोट नदीवर ने. तुझं नाव तिच्यावर आहेच, आता सुकाणूही धर. मी पुढच्या टोकाला दोरी घेऊन बसेन, घाबरलो तर गाईन. हॅमरस्मिथच्या पुलाखालून जाताना थेल्माला गॅलरीत उभी राहायला सांग, मला भोपळ्याच्या वेषात पाहून तिचं वर्षभराचं भागेल. ब्रेंटफर्डनंतर पुन्हा कालवा आणि चढाची लॉक आहेत, तिथे हँडल माझं. तू सुकाणूवर चहा पी, मी दार लावून धापा टाकत येईन, आणि मला कुणाशी गप्पा मारत होतास असं विचारू नकोस. त्यापुढे तुला बोटीवर राहायचं नसेल तर ब्रेंटफर्डहून हॅमरस्मिथला बस आहे, मी नंबर पाहून ठेवला आहे. तू आली नाहीस तर लेनी लॉक उघडणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. सहा आठवडे मी बिनदुधाचा चहा पितो आहे. इथे कोपऱ्यावर दुकान आहे, पण मी त्यात पाऊल टाकलेलं नाही, कारण सगळ्यांना सांगून बसलो आहे की दूध आणायला तू गेली आहेस. तेव्हा वीस तारखेला येताना दूध आण. कुंडी आणायची की नाही, ते तू ठरव.

टपावरचा गोल डाग पुसू न देणारा,
तुझाच,
क्लाइव्ह